वॉल्टर-सानच्या हाती वीणा

विटेवरच्या सावळ्या स्वामी, आधी तुझ्या पायांवर डोके ठेवतो आणि मगच तोंड उघडतो. सांगणार आहे ते तुझ्याच दारात घडलेले आहे. त्यात काही अधिकउणे झाले तर म्हाताऱ्याची चूक समजून पदरात घे.

किस्से साठण्याची तऱ्हा निर्माल्यासारखी असते. रोज चार फुले उतरतात. टाकवत नाहीत आणि ठेवायलाही जागा पुरत नाही. पाहता पाहता पिशवी भरते. आज ती पिशवी तुम्हा मंडळींपुढे उपडी करतो.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. संगणकाच्या कामासाठी पुण्यामुंबईची मुले जपानकडे निघाली, त्या लोंढ्यात आमचा नितीनही बायको-मुलीसह तोक्योला गेला. व्हिसा नव्वद दिवसांचा मिळे, म्हणून मी दरवर्षी माघ सरताना जाई आणि वैशाखात परत येई. हिगाशी-कसाईतल्या त्यांच्या इमारतीत आम्ही एक छोटे भजनी मंडळ उभे केले. सगळे मला आबा म्हणत. या मंडळात एक सभासद असा होता की ज्याला पाहून नवा माणूस दारातच थबके. त्याचे नाव वॉल्टर. पंचावन्नच्या पुढचा अमेरिकन, साडेसहा फूट उंच, दारातून आत येताना खांदे तिरके करणारा. मंडळात त्याला सारे वॉल्टर-सान म्हणत; 'सान' म्हणजे जपान्यांचे 'राव'. हे सगळे किस्से त्याचेच.

*

आमची पहिली भेट कचऱ्यावरून झाली.

जपानात कचऱ्याला वार असतात. जळणारा या दिवशी, न जळणारा त्या दिवशी, बाटल्या भलत्याच दिवशी. मी नवखा. आठवडाभराचे निर्माल्य वर्तमानपत्रात गुंडाळून, मनातल्या मनात देवाची क्षमा मागत, इमारतीखालच्या जाळीपाशी गेलो. तेवढ्यात समोर एक भिंत आली. मी डावीकडे झालो, भिंतही डावीकडे झाली. उजवीकडे झालो, तर तिकडेही तीच. भिंतीने खाली वाकून अतिशय मृदू इंग्रजीत सांगितले की आज बाटल्यांचा वार आहे, आणि हे इथे ठेवलेत तर व्यवस्थापक वातानाबे-सान तुमच्या सूनबाईंना चिठ्ठी लिहितील.

मी म्हटले, हा कचरा नव्हेच, ही देवाची फुले आहेत. ती भिंत म्हणजे वॉल्टर-सान. मग माझ्या हातातला पुडा त्याने दोन्ही हातांनी नव्हे, तर आपली टोपी काढून तिच्यात घेतला. तळमजल्यावर त्याचे घर होते आणि गॅलरीत टोमॅटोच्या कुंड्या. निर्माल्य त्या कुंड्यांत गेले.

पुढे वर्षभर आमच्या विठ्ठलाची फुले त्याच्या टोमॅटोला आणि त्याचे टोमॅटो आमच्या नैवेद्याच्या कोशिंबिरीला. सूनबाई सुवर्णा म्हणायची, "आबा, देवाला आता स्वतःचंच खत खावं लागतंय!"

टोपीचे मात्र मला नवल वाटले होते. हात असताना टोपी कशाला? त्याचे उत्तर मला पुष्कळ दिवसांनी मिळाले.

*

वॉल्टर-सान पूर्वी अमेरिकेतल्या त्यांच्या त्या फुटबॉलचा धंदेवाईक खेळाडू होता. तो फुटबॉल मी टीव्हीवर पाहिला. पायाचा संबंध फारसा नाही. लांबुळका चेंडू छातीशी धरून पळायचे आणि दुसऱ्यांनी पळणाऱ्याला आडवे करायचे. हा आडवे करणाऱ्यांपैकी. अकरा हंगाम त्याने हेच केले. मग गुडघे संपले. एका जपानी कंपनीने आपल्या नोकरदारांच्या संघाला बचाव शिकवण्यासाठी त्याला बोलावून घेतले आणि तो इथलाच झाला.

आमची नात ईरा तेव्हा सात वर्षांची. तिने जपानीत विचारले, "तुम्ही एकूण किती गोल केले?"

"एकही नाही," तो म्हणाला.

"अकरा वर्षांत?"

"माझं काम करायचं नव्हतं. होऊ द्यायचं नाही, एवढंच होतं."

ईराला त्याची दया आली. तिने आपल्या खाऊतले एक बिस्कीट त्याला दिले. मला मात्र त्याच क्षणी तो माणूस आपल्या खात्यातला वाटला. मी त्याला सांगितले, मीही तीस वर्षे अडवण्याचीच नोकरी केली आहे. तुम्ही माणसे अडवलीत, मी पाणी.

*

पहिल्यांदा भजनाला आला तो प्रसंग.

खोली जपानी मापाची, माणसे दहा-बारा. सगळे मांडी घालून बसलेले. वॉल्टर-सानचे गुडघे दुमडत नसत. दुमडले तर असा आवाज होई की मृदंगवाला दचकावा. आमचा मृदंग वाजवणारा हेमंत, पुण्याचा, योकोहामाच्या एका कंपनीत प्रोग्रामर. वॉल्टर-सान त्याच्या बरोबर समोर आला. खुर्ची देऊ केली तर ती त्याने नाकारली. सगळे जमिनीवर असताना आपण वर बसणे त्याला बरे वाटेना. मग तो आपल्याला येत होते तसा खाली गेला. पाय फाकलेले, कंबर मागे, मान वर, एका हाताची तीन बोटे जमिनीला टेकलेली. शिट्टी वाजण्याआधी त्यांचे खेळाडू असेच ओणवे होतात म्हणे.

हेमंतने मृदंग उचलला आणि हळूच दोन फूट मागे सरकला.

"काय झालं?" मी विचारले.

"आबा, 'जय जय' म्हटलं की हे सुटणार."

खोलीभर हशा पिकला. पण मला हसू आले नाही. माझे वडील तालमीत जाणारे. आखाड्यात उतरताना ते आधी वाकून तांबड्या मातीला बोटे लावीत आणि ती बोटे कपाळाला नेत. मी वॉल्टर-सानला विचारले, तुम्ही रोज हे असे जमिनीला हात लावून मगच काम सुरू करीत होतात? तो म्हणाला, दिवसाला शंभर वेळा, अकरा वर्षे.

इतके साष्टांग आमच्या मंडळात कोणाच्याच खात्यावर नव्हते. पुढल्या शनिवारपासून सगळ्यांनी मिळून त्याला खुर्चीवर बसवले आणि ती खुर्ची देवाच्या उजव्या हाताला मांडली.

*

एकदा त्याने आम्हाला आपल्या संघाचा सराव सामना पाहायला नेले. सुवर्णाने थालीपिठे आणि दही बांधून घेतले होते.

त्याचे खेळाडू म्हणजे आठवडाभर कार्यालयात बसणारी जपानी मुले. अंगाने चांगली, मनाने त्याहून चांगली. अडचण तीच होती. एकाने समोरच्याला धडक देऊन आडवे केले आणि लगेच कमरेत वाकून त्याची क्षमा मागितली. आडवा झालेल्याने उठून धडक बरोबर झेलता आली नाही म्हणून उलट क्षमा मागितली. मग पहिल्याने पुन्हा. तोवर चेंडू घेऊन तिसराच कोणी मैदानाच्या टोकाला पोहोचला होता.

वॉल्टर-सानने डोक्याला हात लावला. मध्यंतरात त्याने मुलांना जवळ घेतले. काय सांगितले ते ईराने आम्हाला मराठी-इंग्रजीची मोट बांधून कळवले. क्षमा मागायची तर जरूर मागा, म्हणाला, पण शिट्टी वाजल्यावर.

उत्तरार्धात मुले बिनदिक्कत धडकली. सामना संपल्याची शिट्टी झाली आणि बावीसच्या बावीस जण एकमेकांपुढे वाकले. कोण कोणाची क्षमा मागतो आहे ते कळेना. बराच वेळ कोणी वरच येईना.

हेमंत थालीपीठ खाता खाता म्हणाला, "आमच्या प्रोजेक्टच्या मीटिंग अशाच चालतात."

*

आता थोडे जपून सांगायचे आहे.

आमच्या मंडळात चैत्रातल्या एकादशीला वीणेचा पहारा असे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत कोणीतरी वीणा गळ्यात घेऊन उभे राहायचे, नामस्मरण चालू ठेवायचे. आपला तास झाला की पुढचा येतो, वीणेकऱ्याच्या पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. मधल्या वेळात वीणा जमिनीला लागू द्यायची नाही. बायका-पुरुष सगळे पाळी घेत. माणसे थोडी होती, म्हणून दुसऱ्या वर्षी मी वॉल्टर-सानचे नाव यादीत घातले.

त्याने यादी वाचली आणि आपल्या नावावर बोट ठेवले. बोटे अशी वाकडी की नमस्काराला दोन्ही तळवे पुरते जुळत नसत. म्हणाला, "आबा-सान, हे खोडा. माझ्या हातून पडतं."

मग त्याने ते सांगितले. शेवटच्या हंगामातला शेवटचा सामना होता. प्रतिपक्षाच्या हातून चेंडू निसटला आणि सरळ याच्या पोटाशी आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा चेंडू त्याच्या हाती होता, आणि पुढे सगळे मैदान मोकळे. चार पावले पळाला. पाचव्या पावलाला, कोणी हात लावलेला नसताना, चेंडू निसटला. दुसऱ्यांनी उचलला. सामना गेला. त्या शहरात पुढे न्हावीदेखील त्याचे केस मुकाट्याने कापू लागला. अकरा वर्षे जे अडवले ते कोणाच्या लक्षात राहिले नाही. तेव्हापासून मोलाची वस्तू म्हणून त्याने कोणाची हाती घेतली नव्हती. आता मला टोपीचा उलगडा झाला.

समजूत घालण्याइतका मी शहाणा नाही. मी त्याला माझ्या कालव्याची गोष्ट सांगितली. तीस वर्षे मी तो कालवा सांभाळला. एका वर्षी एका ठिकाणी फुटला, चाळीस एकर ऊस पाण्याखाली गेला. आजही त्या गावातून गेलो की पारावरची मंडळी ओळख करून देतात, "हे फुटक्या कालव्याचे साहेब."

तो पहिल्यांदा खदखदून हसला. पण यादीतले नाव मात्र त्याने माझ्याच पेनने खोडले.

*

हेमंतला मुलगी झाली. बारशाला वॉल्टर-सान चांदीचा चमचा घेऊन आला. बाळ हातोहात फिरत होते. फिरत फिरत त्याच्यापाशी आले तेव्हा त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. हेमंतची बायको गौरी क्षणभर अवघडली. मग तिने बाळ तसेच धरून त्याच्यापुढे नेले. त्याने पाठीमागून एक बोट काढून पुढे केले. बाळाने ते घट्ट धरले आणि काही केल्या सोडीना.

पाऊण तास तो माणूस तसाच उभा राहिला. जेवणाची पाने मांडली, उचलली. शेवटी गौरी म्हणाली, "ओढून घ्या ना, वॉल्टर-सान."

"तिची पकड चांगली आहे," तो म्हणाला. "मोडायला नको."

*

आता शेवटचा.

पुढच्या वर्षीची चैत्रातली एकादशी. वार कामाचा, म्हणून माणसे मोजून मापून. वस्तीच्या सभागृहाची एक खोली मिळाली होती. नितीन कामानिमित्त ओसाकाला. सुवर्णा सकाळची पाळी करून कोन्बिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातल्या, कामावर गेली. ती दोनला येणार. बाराच्या पाळीला हेमंत आणि त्याचे दोन मित्र अर्धी रजा टाकून येणार होते. खोलीत मी, टाळ धरलेली गौरी, तिच्या मांडीवर निजलेले बाळ, सुट्टी असलेली ईरा आणि दारापाशी खुर्चीवर वॉल्टर-सान. दार सांभाळण्याचे काम त्याने स्वतःहून घेतले होते.

अकराची पाळी माझी. बारा वाजले तरी कोणी येईना. बाहेर असा वारा सुटला होता की साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलांच्या, पाकळ्या आडव्या धावत होत्या. गौरीच्या फोनवर निरोप आला. वाऱ्यामुळे नदीवरच्या पुलापलीकडेच गाड्या थांबवल्या आहेत. हेमंत आणि मित्र पलीकडच्या तीरावर उतरून पुलावरून चालत निघाले आहेत.

मी म्हटले, येतील तेव्हा येतील, मी उभा आहे. वय चौऱ्याहत्तर. साडेबाराला माझे पाय थरथरू लागले. गौरीला ते दिसले नाही, ती डोळे मिटून गात होती. मला वाटले कोणालाच दिसले नाही.

"आबा-सान, तुमचा डावा गुडघा जाणार आहे," दारापासून आवाज आला. अकरा वर्षे समोरच्याचे पाय वाचण्याचा ज्याचा धंदा, त्याच्यापासून काय लपणार?

गौरीने डोळे उघडले, मांडीवरच्या बाळाकडे पाहिले, उठू लागली. ईरा रडवेली झाली. मी दाराकडे पाहिले. मागायचे कसे? त्याने यादीतले नाव स्वतःच्या हाताने खोडले होते.

वॉल्टर-सान खुर्चीवरून उठला. दोन्ही तळवे पँटला पुसले, पुन्हा पुसले. माझ्यापुढे आला आणि त्याला येत होते तसा वाकला. तीन बोटे जमिनीला, मान वर. मग सरळ होऊन त्याने हात पुढे केले.

मी वीणेचा पट्टा त्याच्या गळ्यात घालू गेलो. पट्टा त्याच्या डोक्यावरून उतरेना. गाठ सोडून पाहिली तरी त्या मानेला पुरेना. गळ्याचा आधार नाही. आता सगळी भिस्त दोन वाकड्या हातांवर.

"आबा-सान," तो म्हणाला, "पडली तर?"

मी म्हटले, "तर आपण दोघे फुटक्या कालव्याचे साहेब."

त्याने वीणा घेतली. भोपळा पोटाशी, दांडी खांद्याला, दोन्ही हात भोवती. एका बोटाने तार छेडली. घड्याळात बारा पस्तीस. मी गौरीशेजारी बसलो आणि तिच्या सुरात सूर मिसळला.

एक वाजून गेला असेल. आधी खिडकीची काच कुरकुरली. मग दिवा झुलू लागला. भूकंप तिथे नवा नाही, पण हा वाढत गेला. ईरा शाळेत शिकवल्याप्रमाणे क्षणात टेबलाखाली गेली आणि माझा हात ओढून मलाही तिने आत घेतले. गौरी बाळाला छातीशी धरून दुसऱ्या टेबलाखाली. देवाची तसबीर भिंतीवर टकटक करू लागली. खोलीच्या मधोमध वॉल्टर-सान एकटा. कोणत्याही टेबलाखाली तो मावला नसता.

त्याचा उजवा गुडघा गेला. तो आवाज मी टेबलाखालून ऐकला.

पण पडताना त्याने काय केले ते मी पाहिले. हात टेकायला पुढे काढले नाहीत. खांदा फिरवला, पाठ जमिनीकडे केली, हनुवटी छातीत, गुडघे दुमडता येतील तेवढे दुमडलेले, आणि सगळा देह वीणेभोवती मिटला. इमारत हादरली ती भूकंपाने की त्याच्या पडण्याने, यावर ईरा आजही वाद घालते.

मग सगळे थांबले. तार तेवढी गुणगुणत होती.

तो उताणा पडून होता. डोळे छताकडे. म्हणाला, "लागली का?"

मी टेबलाखालून रांगत बाहेर आलो. गाल जमिनीला लावून चारी बाजूंनी पाहिले. वीणा त्याच्या छातीवर होती. वीणा आणि जमीन यांच्यामध्ये अख्खा वॉल्टर होता.

"नाही," मी म्हटले.

मी हात पुढे केले. म्हटले, द्या आता, तुम्हाला लागले आहे. त्याने वीणा सोडली नाही.

"वाजले किती?"

"एक वाजून अठरा."

"माझी पाळी एक पस्तीसपर्यंत आहे," तो म्हणाला, आणि पडल्या पडल्या त्याने तार छेडली. गौरीने टेबलाखालूनच अभंगाचे पुढचे चरण उचलले. मी तसाच जमिनीला गाल लावून गात राहिलो.

एक पस्तीसला थोडा अवकाश असताना दार उघडले. वाऱ्याने केस विस्कटलेले हेमंत आणि त्याचे मित्र दारात उभे. भूकंप त्यांना पूल उतरल्यावर रस्त्यात लागला होता. गौरीने बाळ वर करून दाखवले, तेव्हा हेमंतचा जीव भांड्यात पडला. मग त्याने खोली पाहिली. बायको टेबलाखाली गाते आहे, आबा जमिनीवर पालथे, आणि मधोमध वॉल्टर-सान उताणा, छातीवर वीणा.

हेमंतने काही विचारले नाही. बूट काढले. वॉल्टर-सानच्या पायांपाशी गेला, गुडघे टेकले आणि त्या भल्यामोठ्या मोज्यांवर कपाळ ठेवले. मग पुढे होऊन ओंजळ पसरली.

वॉल्टर-सानने घड्याळाकडे पाहिले. एक पस्तीस झाले. त्याने वीणा हेमंतच्या हातात दिली. वीणा गेली तरी त्याचे दोन्ही हात छातीवर तसेच गोल राहिले होते. गौरी टेबलाखालून बाहेर आली आणि तिने निजलेले बाळ त्या गोलात ठेवले.

*

ज्यांनी हे ऐकले त्यांच्या घरी चूल वेळेवर पेटो, लेकरे निर्धास्त निजोत, दूरदेशी गेलेली पावले सुखरूप उंबऱ्याशी येवोत. ज्याच्या हातून कधीकाळी काही निसटले, त्याच्याही ओंजळीत पुन्हा काही ठेवणारे कोणी भेटो. पांडुरंग सर्वांना आपल्या हाती धरो.